ठकूबाईची साक्ष

“डावा पाय वर घे, रजनी. डावा.”

“डावा नाही सर, उजवा. उजवीकडे खोबण आहे बघा.”

“रजनी, वर बघू नकोस. पायाकडे बघ.”

मी वरही बघत नव्हते आणि पायाकडेही. माझं नाक कातळापासून चार बोटांवर होतं. समोर दगडफुलाचा एक पिवळट डाग होता, त्याच्याकडेच मी एकटक बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायचं तेच सुचत नव्हतं. जमीन एकशेवीस फूट खाली. उजवा हात एका अरुंद फटीच्या कडेला, डावा हात सपाट दगडावर नुसता टेकवलेला. डोक्यावर कातळ पोटासारखा पुढे आलेला. डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडत होता आणि खालून चौघांच्या चार सूचना येत होत्या.

माझ्या खाली चाळीस फुटांवर एक अरुंद टप्पा होता. तिथे फरीदा माझा दोर धरून उभी होती. ती एकटीच काही बोलत नव्हती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते, पण तात्पुरती. दर जूनला नवा आदेश यायचा, नाहीतर यायचा नाही. उरलेला सगळा जीव डोंगरात होता. गावातल्या एका गिर्यारोहण मंडळात चार वर्षं जात होते. आता खाली उभे राहून मला पाय सांगत होते ते चौबळ सर त्या मंडळाचे प्रमुख. कातळावर चढायला मला त्यांनीच शिकवलं होतं आणि मनापासून शिकवलं होतं, हे आधी सांगायला हवं. पण मंडळाचं शिबिर लागलं की माझ्याकडे काम यायचं ते चहाचं. स्टोव्ह, पातेली, पोहे, कोणाला साखर कमी आणि कोणाला जास्त. मुलगे दोर लावायचे आणि मी आल्याचे तुकडे ठेचायचे. हे कुणी ठरवलं होतं असं नाही. पहिल्या शिबिरात मी चहा केला, तो चांगला झाला, आणि मग चार वर्षं मीच करत राहिले.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर मंडळाला एका मोठ्या कारखान्याच्या कामगारांची साहस शिबिरं मिळाली. त्यासाठी पूर्णवेळ प्रशिक्षकाची एक जागा निघाली. डोंगरात राहून पोट भरता येईल असं काही जगात असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी सरांच्या घरी गेले आणि अर्ज द्यायचाय म्हणून सांगितलं.

सर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलीला हसतात तसे हसले. म्हणाले, “तू चढतेस चांगली. पण वीस पुरुष माणसं कड्याच्या टोकाला उभी असताना एका मुलीच्या शब्दावर दोराला लटकून खाली उतरतील का?”

मी म्हटलं, उतरतील की नाही ते एकदा बघूया.

 सर म्हणाले, “एक कर. एखादा सुळका चढून दाखव. पुढे तू. दोरावर पुरुष नको. मग बघू.”

पुढे चढणं म्हणजे काय ते सांगते. पहिला चढणारा दोर खालून वर नेत असतो. मधे मधे मेखांना, खिळ्यांना तो अडकवत जातो. शेवटच्या खिळ्याच्या वर जितका गेला असेल, त्याच्या दुप्पट तो पडतो. मागून येणाऱ्यांना वरून दोर असतो, त्यांचं भय निम्म्याहून कमी. मंडळात मला नेहमी मागून चढवत. पुढे कधी जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे सर जे म्हणाले ते होणार नाही अशी त्यांची खात्री होती.

दोरावर पुरुष नको म्हटल्यावर मंडळात माझ्याशिवाय एकच मुलगी उरत होती, फरीदा तांबोळी. तिच्या वडिलांचं भद्रकालीत शाळेची दप्तरं शिवायचं दुकान होतं आणि ती स्वतः जाड कापडाच्या मशीनवर बसायची. मंडळातले हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे कमरेचे-मांड्यांचे पट्टे, सगळे पुरुषांच्या मापाचे. आमच्या कमरेवरून ते खाली घसरत. चार वर्षांत कुणाच्या लक्षात न आलेली ही गोष्ट फरीदानं पहिल्याच महिन्यात ओळखली आणि मांडीचे पट्टे आखूड करून आमच्यापुरते दोन नीट बसवून घेतले. सर रागावले, मग तिनं केलेली शिलाई त्यांनी स्वतः लटकून तपासली आणि गप्प बसले.

मी तिला सुळक्याचं विचारलं तेव्हा ती मशीनवरच होती. पाय न थांबवता म्हणाली, “कोणता?”

आम्ही घारीचा सुळका ठरवला. मोरदरा नावाच्या वाडीच्या डोक्यावर, मुख्य डोंगरापासून सुटून उभा राहिलेला, एकशेऐंशी फूट. आधी दोनतीन जणांनी चढलेला, त्यामुळे वर काही जुने खिळे असणार होते. शनिवारच्या दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. घरी दोघींनी खरं सांगितलं होतं, तीच चूक झाली. संध्याकाळी भाजीबाजारात माझ्या आईला चौबळ सर भेटले आणि आई म्हणाली, “पोरी सुळक्यावर गेल्यात, लक्ष असू द्या हो.”

वाडीत शाळेच्या ओसरीवर मुक्काम केला. लोकांनी विचारलं, नर्सबाई का? मास्तरीण का? मग माणसं मागून येतायत का? माणसं म्हणजे पुरुष. नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला दोन जास्तीच्या गोधड्या आणून दिल्या.

सकाळी सुळक्याच्या वाटेला लागलो तर एक बाई जळणासाठी निघालेली भेटली. पन्नाशीची असेल, काटक, डोक्यावर चुंबळ, कमरेला कोयता. ठकूबाई तिचं नाव. आमच्या खांद्यावरचा दोर बघून तिनं विचारलं, “वर काय हाय?”

“काही नाही, मावशी.”

“मग कशाला?”

फरीदा म्हणाली, “असंच.”

ठकूबाईनं मान हलवली, जणू काही एवढं कारण तिला पुरेसं होतं. मग आमच्या मागून आली आणि सुळक्याच्या पायथ्याशी एका दगडावर कोयता बाजूला ठेवून बसली. जळणाचं नावही काढलं नाही.

पहिला टप्पा मी चढले तो आठवला की अजून अंगात ऊब येते. थंडी होती, कातळ गार होता, बोटं बधिर होत होती, पण प्रत्येक पकड जिथे हवी तिथे मिळत होती. पुढे कुणी नाही. कुणाच्या पायाच्या टाचा डोक्यावर नाहीत. ऐंशी फुटांवर टप्प्यावर पोचले, दोन खिळ्यांना स्वतःला बांधलं आणि फरीदाला वर घेतलं. ती आली ती गुणगुणत आली. तिथे उभं राहून आम्ही पाणी प्यालो आणि मी पुढे निघाले.

मी पंधरा फूट चढले असेन, तेवढ्यात वाटेवरून चार माणसं पळत येताना दिसली. चौबळ सर आणि मंडळातले तीन मुलगे. पहाटेच्या पहिल्या एसटीनं आले होते. काळजीपोटी.

काळजी खरीच होती. पण त्या काळजीला चार तोंडं होती. मला रेटा नको होता, शांतता हवी होती, आणि नेमकी तीच मिळत नव्हती. कातळ जिथे पोटासारखा पुढे आला होता तिथे मी अडकले. तिथून वर एक फट जात होती, पण ती धरायची कशी ते कळत नव्हतं. विचार जुळत आला की खालून कुणीतरी म्हणायचं, डावा. मी डावा उचलायचे. लगेच दुसरा म्हणायचा, उजवा. मी डावा खाली ठेवायचे. माझे पाय माझे राहिले नव्हते. शेवटचा खिळा माझ्या दहा फूट खाली होता. पडले तर वीस फूट, त्यात दोराचा ताण धरून आणखी थोडं. हात भरून आले होते. मनात आलं की आता खाली उतरावं, टप्प्यावर जावं, आणि सरांना म्हणावं, तुमचं बरोबर होतं.

तेवढ्यात फरीदाचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, खाली.

“सर, रजनीच्या पँटची नाडी सुटलीय. तुम्ही सगळे जरा खिंडीपलीकडे जा. झालं की मी हाक मारते.”

खाली एकदम शांतता झाली. मग सरांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. ते मुलांना म्हणत होते, चला रे, चला लवकर, मागे बघायचं नाही. दगडांवरून बुटांचे आवाज लांब गेले. खिंड पाच मिनिटांवर होती आणि तिच्या पलीकडून सुळका दिसत नव्हता.

माझी नाडी सुटली नव्हती. पँटला नाडी नव्हतीच, इलॅस्टिक होतं.

मला हसू आलं. एकशेवीस फुटांवर, एका हातावर, मला असं हसू आलं की पोट हलायला लागलं आणि मी घाबरून कपाळ कातळाला टेकवलं. खाली फरीदा तोंड दाबून हसत होती, दोर हलत होता त्यावरून मला कळत होतं. हसू ओसरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाय थडथडायचा थांबलाय.

कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ठकूबाई खोकली. ती बाईमाणूस, तिला खिंडीपलीकडे जायचं काही कारण नव्हतं.

मग मी त्या फटीकडे नीट बघितलं. तोवर मी तिची कड धरत होते, दाराची फळी धरतात तशी. ती कड बाहेरच्या बाजूला उतरती होती, म्हणून हात निसटत होता. पण फट आत रुंद होत गेली होती. धरायची नव्हतीच ती, आत हात अडकवायचा होता. मी डावा हात आत घातला, मूठ केली आणि वळवली. हातावरची कातडी सोलली गेली, पण मूठ घट्ट बसली. तिच्यावर सगळा भार टाकून मी पायांची अदलाबदल केली, उजवा हात वर नेला, तीही मूठ बसली. फुगलेला कातळ छातीला लागला, मग पोटाला, मग गुडघ्याला. वर एक गंजका खिळा होता. त्याला कडी अडकवली आणि दोर आत घातला. तो कडीचा टक् आवाज झाला आणि मी पुन्हा हसले, पण या वेळी वेगळी.

वरचे साठ फूट सोपे होते. चढले असं म्हणण्यापेक्षा चालत गेले असं म्हणावं.

माथा दोन खाटांएवढा. थोडं वाळलेलं गवत आणि एका घारीचं पीस. मी दोर बांधला, फरीदाला वर घेतलं. ती त्या फुगलेल्या जागी आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिनं तिची वाट स्वतः काढली, माझ्यापेक्षा निराळी, पायांवर जास्त. वर आल्यावर आम्ही मिठी मारली, गूळ-शेंगदाणे खाल्ले, आणि पाठीला पाठ लावून बसलो. खाली मोरदऱ्याची कौलं दिसत होती, शेतातल्या नागलीच्या वाळल्या काड्या, खिंडीतून येणारी वाट.  मग फरीदाला आठवलं आणि ती उठून, तोंडाशी हात धरून ओरडली, “सर, बांधली हो नाडी.”

चाळीस मिनिटं ते चौघं खिंडीपलीकडे डोंगराकडे पाठ करून बसले होते.

आम्ही दोरावरून खाली उतरलो तेव्हा ते पायथ्याशी येऊन थांबले होते. अविनाशनं, तीन मुलांतल्या थोरल्यानं, आधी माझा सोललेला हात बघितला आणि मग जपून हातात घेतला. ती फुगलेली जागा कशी काढलीस, एवढंच त्यानं विचारलं, आणि खरंच ऐकायला उत्सुक होता. सरांनीही अभिनंदन केलं. पण त्यांचा चेहरा अडचणीत सापडल्यासारखा होता.

ते म्हणाले, “हे बघ, मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मंडळात मला विचारतील. जो अवघड भाग, तोच आमच्यापैकी कुणी पाहिला नाही. चढाईला जबाबदार साक्षीदार लागतो.”

फरीदा म्हणाली, “मी होते ना.”

“तू दोरावर होतीस. साक्षीदार दोराबाहेरचा हवा.” मग म्हणाले, “आणि दुसरंही आहे. आम्ही खाली आहोत म्हणून तुम्हाला धीर आला असेल. मग दोरावर पुरुष नको या म्हणण्याला काय अर्थ राहिला?”

 इतकी मेहनत करून वर गेले, आणि खाली आल्यावर त्या चढाईचा अर्थ कुणीतरी बदलून ठेवला होता. डोळे भरून येतील म्हणून मी दोर गुंडाळायला लागले. चार वर्षं असंच व्हायचं. वाद झाला की मी पातेली घासायला घ्यायचे.

“म्या पाह्यलं ना.”

ठकूबाई दगडावरून उठली होती. तिच्या मागे आता आणखी पाच-सहा बाया होत्या. जळणाला निघालेल्या, तिला बसलेली बघून थांबलेल्या. त्यातली एक तिची सून यमुना, कडेवर वर्षाचं पोर.

सर आदबीनं म्हणाले की मावशी, तुम्ही पाहिलंत हे खरं, पण यातलं तंत्र वेगळं असतं, ते जाणकारानंच पाहावं लागतं.

ठकूबाईनं त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती सुळक्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

“तुमी हिथं व्हता तवर हिचा डावा पाय लटलटत व्हता. तुमी गेला आन् पाय थांबला. मग हिनं ह्यो हात काढला.” तिनं डावा हात हलवला. “चिरीत घातला. आधी नुसती बोटं घातली, ती निसटली. मग मूठ केली आन् अशी पिळली, कुलपात चावी फिरवत्यात तशी. मूठ बसल्यावर उजवा पाय डाव्याच्या जागंवर आणला. एक टाइम दोनी पाय बोटभर जागंवर व्हते. तवा म्या खालची माती धरली व्हती हातात. मग उजवी मूठ. मग गुडघा. गुडघा लावाया नको व्हता, पण लावला. मग त्या गंजक्या खिळ्याला कडं अडकवलं आन् हसली.”

बोटं आधी निसटली होती हे मलाच आठवत नव्हतं. ठकूबाईनं सांगितल्यावर आठवलं. आणि गुडघा. कातळावर गुडघा टेकवू नये हे सर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवत, कारण गुडघ्यावर उठून उभं राहता येत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदाच बघून कळलं होतं.

अविनाशनं खिशातून वही काढून लिहायला सुरुवात केली होती. त्यानं विचारलं, “मावशी, पूर्ण नाव काय तुमचं?”

तिनं सांगितलं.  वही बंद करा असं सर म्हणाले नाहीत.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. सुळक्याचं मी विसरले. मी त्या बाईच्या हातांकडे बघत होते. ते अजून थोडे वर होते, आणि तिची बोटं हवेत न दिसणारी फट चाचपत होती.

मी म्हटलं, “मावशी, चढणार का?”

ती हसली नाही, लाजली नाही. पदर कमरेला खोचत म्हणाली, “हां. पर त्या मोठ्यावं नको आज.”

सुळक्याच्या पायथ्याशी एक तीस फुटी धोंडा पडलेला होता. मागच्या बाजूनं त्याच्यावर चालत जाता येत होतं, म्हणजे वर कडी बांधून त्यातून दोर खाली सोडायला सोपं. मी दोर उचलला. सर पटकन पुढे आले. “रजनी, लुगड्यावर? काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर जाणवलं, तो जड नव्हता.

फरीदानं ठकूबाईला हार्नेस चढवला. कासोट्यावर तो असा बसला की जणू त्याच पोशाखासाठी शिवला होता. माझं हेल्मेट तिच्या अंबाड्यावर मावेना, तर तिनं अंबाडा सोडून वेणी घातली. अनवाणी पाय कातळाला लावला, एकदा मागे वळून दोर माझ्या हातात आहे ना बघितलं आणि निघाली.

मी पुढे हजारो लोकांना पहिल्यांदा कातळावर चढताना बघितलं. बहुतेक सगळे हातांनी चढतात, स्वतःला ओढत नेतात. ठकूबाई पायांनी चढली. पाय ठेवायची, थांबायची, डोळ्यांनी पुढची जागा ठरवायची, मगच उचलायची. अर्ध्यावर ती थबकली तेव्हा सर सवयीनं म्हणाले, “मावशी, उजवा पाय जरा...”

“सर, दमानं घ्या,” ती वरून म्हणाली. “सापडंल मला.”

सापडलं तिला. ती वर पोचली तेव्हा खाली बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या एकमेकींना ढकलून पुढे यायला लागल्या. मुलांनी आणलेल्या दुसऱ्या दोरावर फरीदा उभी राहिली. यमुनेची पाळी आली तेव्हा तिनं पोर कुणाकडे द्यावं म्हणून इकडे तिकडे बघितलं आणि सगळ्यांत वयस्क माणूस बघून ते सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. पोर रडेना, म्हणून परत मागायचीही कुणाला घाई झाली नाही. दुपारभर सर ते पोर कडेवर घेऊन धोंड्याच्या सावलीत उभे होते आणि त्याला दोराची कडी उघडून मिटून दाखवत होते. केव्हातरी चहाचा वास आला. वळून बघितलं तर अविनाशनं तीन दगड मांडून पातेलं चढवलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चहा पाणचट झाला होता. मी दोन कप प्याले.

वाडीतून आणखी बाया येत गेल्या, अकरा जणी चढल्या. एक जण अर्ध्यातून उतरली, म्हणाली पुढच्या रविवारी वरपर्यंत जाईन. म्हणजे पुढच्या रविवारी आम्ही यायचंच होतं. ते तिनं परस्पर ठरवून टाकलं.

गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. मार्चमध्ये मंडळाचं पत्र आलं. चढाई मान्य करण्यात आली होती आणि मला सहायक प्रशिक्षक, महिला विभाग, असं पद देऊ केलं होतं. शिबिरातल्या चहापाण्याची व्यवस्था पूर्ववत माझ्याकडे. तोवर मोरदऱ्यात आमची तीन शिबिरं झाली होती. मी आभार मानून नकार कळवला आणि जूनमध्ये शाळेचा आदेश आला नाही तेव्हा मला वाईट वाटलं नाही. गेली तीस वर्षं मी बायकांची अशी शिबिरंच घेते. आमच्या शिबिरांतून शिकून पुढे सात जणी प्रशिक्षक झाल्या, त्यांतल्या दोघी मोरदऱ्याच्या. फरीदाचा हार्नेसचा छोटा कारखाना आहे, बायकांच्या मापाचे, तपासणीचा शिक्का असलेले. चौबळ सर पुढे दरवर्षी आमच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी येत. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, खूप वर्षांनी, मुली जेवायला बसल्या असताना माझ्या शेजारी येऊन हळूच विचारलं, “खरंच सुटली होती का गं ती?” मी म्हटलं, सर, पोळी वाढू का? ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

लोक मला सुळक्याचंच विचारतात. पेपरवाले आले तरी तेच, पहिली महिला, किती फूट, भीती वाटली का. मी सांगते त्यांना. पण त्या दुपारचं एक मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही.

ठकूबाई धोंड्याच्या माथ्यावर पोचल्यावर मी तिला सांगितलं की आता मागे रेलून बसा, मी सावकाश खाली सोडते. ती बसली, पण रेलली नाही. पाय खाली सोडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. समोर सुळका, दरी, आणि ती जन्मभर ज्यात राबली ती सगळी रानं. खालून यमुनेनं हाक मारली, आत्याबाई, उतरा ना, भाकरी टाकायच्यात. ठकूबाईनं खाली बघितलंही नाही.

“टाकतील कुणीतरी,” ती म्हणाली.

तिचा दोर माझ्या हातात होता. मी पाय जमिनीत रोवले, दोर घट्ट धरला आणि तिला हवा तितका वेळ तिथे बसू दिलं.